सामान्य ज्ञान कोणासाठी?

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बारामतीकडच्या गाड्या दिवसभर येत असतात. उतरणाऱ्या गर्दीत पाठीवर सॅक आणि हातात घरच्या डब्याची पिशवी घेतलेली तरुण मुले-मुली हमखास दिसतात. त्यांतील बरीचशी स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यात आलेली असतात. पुढे त्यांचा मुक्काम सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या एखाद्या खोलीत आणि दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेतल्या खुर्चीत. अप्पा बळवंत चौकातून घेतलेले सामान्य ज्ञानाचे जाडजूड पुस्तक त्यांच्या उशाशी असते. त्या एका पुस्तकात इतिहास असतो, निसर्ग असतो, विज्ञान असते, निरनिराळे धर्म असतात आणि राज्यकारभारही असतो.

आपल्या धर्मग्रामातल्या घरांतूनही अशी मुले आहेत. त्यांच्याकडे पाहताना मनात एक प्रश्न येतो. हे सारे पुस्तक ज्याला तोंडपाठ आहे, तो त्यामुळे अधिक चांगला माणूस होतो का? आणि होत नसेल, तर नोकरी मिळविण्यापलीकडे या ज्ञानाचा उपयोग काय? हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. रविवारी मिस्सेला येणाऱ्या आपणा सर्वांचा तो आहे, कारण आपल्यालाही पुष्कळ काही ठाऊक असते.

जाणून घेणे वाईट आहे का?

आपल्यातील काही भाविक मंडळी म्हणतात, "इतके जाणून काय करायचे? देवावर विश्वास असला म्हणजे झाले." त्यासाठी एदेन बागेतल्या झाडाचा दाखला दिला जातो. पण पवित्र शास्त्र नीट वाचले, तर ते नुसते ज्ञानाचे झाड नव्हते. ते बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचे झाड होते. देवाला बाजूला सारून बरे काय आणि वाईट काय हे आपले आपणच ठरविण्याचा मोह, हे त्या पापाचे मूळ होते. जगाची ओळख करून घेणे पाप असते, तर देवाने सारे पशुपक्षी आदामापुढे आणून त्यांना नावे देण्याचे काम त्याच्यावर सोपविले नसते (उत्पत्ती २:१९-२०). नावे देण्याचे काम बरे का, नावे ठेवण्याचे नव्हे! आणि नाव द्यायचे तर आधी त्या प्राण्याकडे नीट निरखून पाहावे लागते.

ख्रिस्तसभेने हे निरखून पाहणे सोडले नाही. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची रचना पोप तेरावे ग्रेगरी यांच्या काळात, १५८२ साली, सुधारली गेली आणि त्यामागच्या गणिताची बाजू क्रिस्तोफर क्लाव्हियस या येशूसंघीय धर्मगुरूंनी सांभाळली. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टीन संघाचे धर्मगुरू. मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढवून, त्यांची मोजदाद करून त्यांनी १८६६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. विश्व प्रसरण पावत आहे असे १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे धर्मगुरू होते. आपल्या मराठीपुरते बोलायचे, तर इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या लोकांची भाषा इतक्या प्रेमाने आत्मसात केली, की १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले.

याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात १६३३ साली गॅलिलिओंना दोषी ठरविल्याचे पानही आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी त्या वेळची चूक जाहीरपणे मान्य केली. सत्याला भिण्याचे श्रद्धेला कारण नाही, हे त्या पानाने आपल्याला शिकविले. तेव्हा आपली मुले रात्र रात्र जागून जे वाचतात, ते देवाच्याच सृष्टीविषयी आणि देवाच्याच लेकरांविषयी वाचतात. ते वाचन तुच्छ नाही.

एका गुणाचा प्रश्न

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की परीक्षेत प्रत्येक गोष्टीला एकच गुण असतो. चार पर्याय, एक बरोबर, पुढचा प्रश्न. सवयीने मनही तसेच होते.

मुलींची शाळा पुण्यात कोणी व कधी सुरू केली? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी, १८४८ साली, भिडेवाड्यात. उत्तर बरोबर, एक गुण मिळाला. त्यांचे घर, आजचा फुलेवाडा, स्वारगेटपासून फार दूर नाही. आपल्यापैकी अनेकजण त्यावरून ये-जा करतात. पण १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्याच सावित्रीबाईंनी काय केले? मुंढव्याकडच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेग कसा पसरतो याची भीती तेव्हा घरोघरी होती, आणि त्यांचे चिरंजीव यशवंत तर डॉक्टर होते. धोक्याची जाणीव असताना त्यांनी ते मूल उचलले. शाळेचे साल आपण पाठ करतो. तो सन १८९७ मात्र आपल्याला विचारतो, की तुम्ही कोणाला उचलता?

दुसरा प्रश्न घेऊ. पानशेतचे धरण कधी फुटले? १२ जुलै १९६१. पुन्हा एक गुण. त्या दिवशी पानशेतपाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा आजही पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटच्या अंगाने हडपसरकडे जातो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ त्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरातील वस्तीत पाणी घुसले. कोणाचे धान्य भिजले, कोणाची पुस्तके वाहून गेली. तोच कालवा पुढे दौंड-इंदापूरच्या शेतांना पाणी देतो. हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या घरातला उघडा राहिलेला नळ ही आता केवळ त्याच्या घरातली गोष्ट राहत नाही. त्याने कधी न पाहिलेला इंदापूरकडचा शेतकरी त्याचा शेजारी झालेला असतो.

ज्ञानाचे हे काम आपण फारसे लक्षात घेत नाही. ज्ञान शेजारी वाढवते. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते, तो आता आपल्या परिचयाचा होतो. एकदा ठाऊक झाले, की 'मला काय माहीत?' असे म्हणण्याची सोय उरत नाही. ज्याला अधिक दिले, त्याच्याकडून अधिकाची अपेक्षा आहे ही प्रभू येशूची शिकवण पैशाअडक्याइतकीच ज्ञानालाही लागू आहे.

पैकीच्या पैकी गुण मिळविणारा पंडित

शुभवर्तमानात अशाच एका परीक्षेचा प्रसंग आहे (लूक १०:२५-३७). नियमशास्त्राचा एक पंडित येशूला प्रश्न विचारायला उभा राहतो. येशू उलट त्यालाच विचारतात, की शास्त्रात काय लिहिले आहे? पंडित न अडखळता सांगतो, देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती. येशू त्याचे उत्तर बरोबर असल्याचे मान्य करतात. पैकीच्या पैकी गुण! पण लगेच, तसे वाग, असेही सांगतात. इथे पंडिताची पंचाईत होते. तो आणखी एक प्रश्न काढतो, माझा शेजारी कोण? त्याला व्याख्या हवी होती. येशूंनी त्याला यरीहोच्या रस्त्यावर नेले.

त्या रस्त्यावर अर्धमेल्या माणसाला टाळून गेलेले याजक आणि लेवी अडाणी नव्हते. पंडिताला पाठ असलेले शास्त्र त्यांनाही पाठ होते. म्हणजे ज्ञान असूनही माणूस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने निघून जाऊ शकतो. ज्ञानाने येणाऱ्या फुगीरपणापासून संत पौलानेही करिंथच्या मंडळीला सावध केले होते, ते याचसाठी.

मात्र या दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती प्रवचनांतून सहसा सुटते. शोमरोनी माणसाला कळवळा आला, एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला आणि पट्ट्या बांधल्या. द्राक्षारसाने जखम धुतली जाते, तेलाने दाह कमी होतो, हे त्या काळचे सामान्य ज्ञान होते. जखमीला जनावरावर कसे बसवायचे, जवळची उतारशाळा कुठे आहे, दोन दिनारांत पुढची व्यवस्था होईल का, हेही त्याला समजत होते. त्याच्याजवळ नुसताच कळवळा असता, तर तो जखमीच्या शेजारी बसून रडला असता. नुसतेच ज्ञान असते, तर तोही याजकासारखा निघून गेला असता. दोन्ही एकत्र आले, तेव्हा एक माणूस वाचला.

आमच्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. ज्ञानाने माणूस आपोआप चांगला होत नाही. पण चांगले व्हायचे ठरविलेल्या माणसाला ज्ञानावाचून फार काही करताही येत नाही. प्रेमाला हात हवेत आणि त्या हातांना काय करायचे ते ठाऊक हवे.

जेधे चौकातला यरीहोचा रस्ता

आता यरीहोहून केशवराव जेधे चौकात येऊ. भोवताली एस.टी., पीएमपीच्या बसगाड्या, रिक्षा आणि दुचाकींची ही झुंबड. समजा, एखादा दुचाकीस्वार पडला आहे. लोक गोळा होतात, कोणी मोबाइलवर चित्रण करतो आणि अनेकजण 'पोलिसांची भानगड नको' म्हणून पुढे निघतात. त्यांतील सगळे निष्ठुर नसतात. पुष्कळजण केवळ घाबरलेले असतात, आणि ती भीती अज्ञानातून आलेली असते.

वस्तुतः ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनीसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने कलम १३४-अ आणले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकले तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. त्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. विशेष म्हणजे इंग्रजी कायद्यात अशा माणसाला जे नाव दिले आहे, ते 'गुड समॅरिटन', म्हणजेच आपला चांगला शोमरोनी! प्रभूच्या दाखल्यातला माणूस भारताच्या कायद्यात येऊन उभा आहे आणि आपल्यापैकी कितीतरी जणांना त्याचा पत्ता नाही.

हे राज्यकारभाराचे ज्ञान झाले. त्याला थोडे विज्ञान जोडावे लागते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. मानेला किंवा मणक्याला मार लागला असेल, तर फार निकड असल्याशिवाय त्याला ओढून हलवू नये. शाळेच्या पुस्तकातली ही चार वाक्ये जेधे चौकात एखाद्याच्या घरचा दिवा विझू देत नाहीत. पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत विभागलेले विज्ञान, कायदा आणि धर्म रस्त्यावर पडलेल्या माणसापाशी एकाच क्षणी एकत्र येतात.

खोटी साक्ष

कोणी म्हणेल, आता सारे काही मोबाइलवर मिळते, मग डोक्यात कशाला भरायचे? एक तर रक्त वाहत असताना शोधत बसायला वेळ नसतो. दुसरे, मोबाइलवर जितके खरे येते तितकेच खोटेही येते, आणि खरे-खोटे ओळखायला पदरी थोडे तरी ज्ञान असावे लागते. कोणत्या तरी समाजाविषयी, कोणाच्या तरी देवधर्माविषयी संतापजनक मजकूर येतो आणि आपण तो खातरजमा न करता पुढच्या दहा गटांत पाठवतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आठवी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते. ती आज्ञा अंगठ्याने मोडता येते, हे त्या वर्गात कोणी सांगितले नव्हते एवढेच!

यावरही उपाय शेजाऱ्याची खरी ओळख हाच आहे. १७९२ साली पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिलेले आपले सिटी चर्च नाना पेठेत आहे. त्याच नाना पेठेत आणि शेजारच्या भवानी पेठेत दरवर्षी आषाढीच्या वारीत तुकोबांची आणि ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला असते. वारकरी कशासाठी चालतो, मुसलमान शेजारी रोजा कसा पाळतो, हे ज्याने आदराने जाणून घेतले आहे, त्याला कोणी सहजासहजी भडकवू शकत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत इतर धर्मांतील सत्य आणि पवित्र गोष्टींचा आदर करण्यास सांगितले आहे. जे ओळखीचेच नाही, त्याचा आदर करणार तरी कसा?

ज्यांची निवड होत नाही

शेवटी ज्या मुलांपासून आपण सुरुवात केली, त्यांच्याकडे वळू. जागा थोड्या आणि उमेदवार अफाट. जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा लांबते, पूर्व परीक्षा झाली तर मुख्य राहते, मुख्य झाली तर मुलाखत. वय मात्र वाढतच जाते. २०२१ च्या जूनअखेर पुण्यात पूर्व आणि मुख्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, मुलाखतीची वाट पाहत असलेल्या एका तरुणाने आपले जीवन संपविले. सारा महाराष्ट्र हळहळला. सामान्य ज्ञानात तो कमी नव्हता. पण निवड झाली नाही तरी तू आम्हाला तितकाच हवा आहेस, हे अशा मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आपण समाज म्हणून म्हणत नाही.

वर उल्लेख केलेले मेंडेल यांची आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. शिक्षकाच्या पात्रतेच्या परीक्षेत ते १८५० साली नापास झाले. १८५६ साली पुन्हा बसले, तेव्हाही यश आले नाही. त्याच माणसाने मठाच्या बागेत जे शोधले, ते आज जीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. त्याची थोरवी जगाला कळली १९०० साली, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. परीक्षकांनी दिलेले गुण हे माणसाचे मोल नव्हे. आपले मोल ज्याने ठरवायचे, त्याने ते बाप्तिस्म्याच्या पाण्यापूर्वीच, आपल्याला आपल्या प्रतिमेत घडविताना ठरवून टाकले आहे.

आणि मिळविलेले ज्ञान? ते वाया जात नाही. 'सामान्य' या शब्दाचा अर्थच मुळी सर्वांचे, समाईक असा आहे. ते शिडीसारखे एकट्याने वर चढण्यासाठी नसते. गावच्या पाणवठ्यासारखे ते सगळ्यांसाठी असते. ज्याला राज्यघटना आणि शासनव्यवस्था पाठ आहे, तो रेशनकार्डाचे काम अडलेल्या एखाद्या आजीला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज लिहून देऊ शकतो. साधारणपणे तीस दिवसांत कार्यालयाला उत्तर द्यावे लागते, एवढे एक वाक्य त्या आजीचा कणा ताठ करते. असे करणारा तरुण खुर्चीवर नसला तरी लोकसेवकच आहे.

धर्मग्राम म्हणून आपल्यालाही काही करता येईल. अभ्यासाला जागा नसलेल्या मुलांसाठी रिकामा वर्ग संध्याकाळी उघडा ठेवता येईल. एखाद्या रविवारी मिस्सेनंतर अर्धा तास प्रथमोपचार शिकविता येतील. परीक्षेची तयारी करणारी मुले महिन्यातून एकदा लोकांचे अर्ज भरून देऊ शकतील. आणि पाहुणे म्हणून घरी गेल्यावर "काय रे, लागला का निकाल?" हा पहिला प्रश्न न विचारता "जेवलास का?" असे तर आपण आजपासूनच विचारू शकतो.

शलमोन राजाला देवाने काय हवे ते माग म्हटले, तेव्हा त्याने बरे-वाईट पारखणारे मन मागितले, लोकांचा न्याय नीट करता यावा म्हणून. स्वतःसाठी त्याने काही मागितले नाही. अंतिम न्यायाच्या परीक्षेचे प्रश्न तर प्रभूने आपल्याला आधीच सांगून ठेवले आहेत (मत्तय २५:३१-४६). भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. पर्याय दिलेले नाहीत आणि उत्तरे लिहून द्यायची नाहीत. या आठवड्यात आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातली एक तरी गोष्ट एखाद्या गरजवंताच्या कामी आणण्याची सद्बुद्धी पवित्र आत्मा आपणा सर्वांना देवो.